कुष्ठरोगातली रिअॅक्शन : पुण्यातले पेशंट आणि घरचे जे प्रश्न परत परत विचारतात ते

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात कुष्ठरोगाच्या पेशंटचे हात-पाय-डोळे तपासणं, स्प्लिंट (हात-पाय नीट धरून ठेवणारी पट्टी) करून देणं हे माझं काम. औषधं मी लिहून देत नाही, ते डॉक्टरांचं काम, पण रिअॅक्शन आली की लोक आधी मलाच व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. घाईत असाल तर निदान ५ आणि ६ नंबरचं उत्तर वाचाच.

१. रिअॅक्शन म्हणजे नक्की काय? गोळ्यांची अॅलर्जी का?

नाही, अॅलर्जी नाही. कुष्ठरोगाचे जंतू फार सावकाश वाढतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना वर्षानुवर्षं एक तर दुर्लक्षित करते नाहीतर अर्धवट लढते. मग कधीतरी ती अचानक जागी होते आणि जोरात तुटून पडते, त्यातून जी सूज, लाली, गाठी, ताप, नसांचं (रक्ताच्या नव्हे, स्पर्श आणि ताकद देणाऱ्या नसांचं) दुखणं सुरू होतं ती रिअॅक्शन. म्हणजे त्रास जंतूंपेक्षा आपल्याच शरीराच्या लढाईचा असतो. ही उपचाराआधी येऊ शकते, चालू असताना येऊ शकते आणि संपल्यावरही (प्रश्न ४). गोळीची खरी अॅलर्जीही असते पण ती वेगळी, ती प्रश्न १३ मध्ये आहे आणि दोन्हींची गल्लत करू नका.

२. गोळ्या सुरू करायच्या आधी एकच साधा डाग होता, आता तो लाल होऊन सुजलाय, नवीन पण आलेत. गोळ्या बंद करू का?

बंद करू नका. पेशंट अर्ध्यातून सोडून जातात त्याचं मोठं कारण हेच, की "गोळ्यांनी रोग वाढवला" असं वाटतं. शेजारपाजारचे पण तेच सांगतात. रोग वाढलेला नसतो. एमडीटी म्हणजे कुष्ठरोगाच्या तुमच्या गोळ्यांचं पाकीट, त्यातलं रिफॅम्पिसिन पहिल्याच डोसला बहुतेक सगळे जिवंत जंतू मारतं, पण मेलेल्या जंतूंचे अवशेष त्वचेत आणि नसांत पडून राहतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावर भडकते. एमडीटीचं पाकीट चालूच ठेवायचं आणि रिअॅक्शनचं वेगळं औषध त्याच्या जोडीला घ्यायचं, असा उपचार असतो. अपवाद फक्त प्रश्न १३ मधला.

३. डॉक्टर म्हणाले टाइप वन, शेजारच्या बेडवरच्यांना टाइप टू. फरक काय?

१९६६ मध्ये रिडली आणि जॉपलिंग यांनी कुष्ठरोगाचा एक पट्टा मांडला, एका टोकाला प्रतिकारशक्ती चांगली आणि जंतू कमी, दुसऱ्या टोकाला जंतू भरमसाट आणि प्रतिकारशक्ती जवळपास गप्प, आणि मधे बॉर्डरलाइनवाले. कुठली रिअॅक्शन येणार हे तुम्ही या पट्ट्यावर कुठे आहात त्यावर ठरतं.

टाइप वन मुख्यतः मधल्या लोकांना येते. इथे टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशी) जंतूंवर चाल करून जातात. जुनेच चट्टे लाल, गरम, सुजलेले होतात, हातापायाला सूज येते आणि नसा दुखतात. जंतू नसेच्या आत, नसेला वेढणाऱ्या पेशींमध्येच राहत असल्यामुळे लढाई पण नसेच्या आतच होते, आणि नसेभोवतीचं आवरण काही ताणलं जात नाही, म्हणून आतल्या आत नस दबते. उपचाराच्या पहिल्या सहा महिन्यांत ही जास्त दिसते.

टाइप टू, जिला डॉक्टर ईएनएल म्हणतात, ती जंतू जास्त असलेल्यांना येते. इथे अँटिबॉडी आणि जंतूंचे तुकडे मिळून गुठळ्या तयार होतात आणि त्या रक्तवाहिन्यांत, सांध्यांत, डोळ्यांत, किडनीत कुठेही अडकून आग लावतात. अंगावर हात लावला तरी दुखतील अशा लाल गाठी येतात, त्या काही दिवसांत जातात आणि नव्या येतात, सोबत ताप, सांधेदुखी, डोळा लाल होणं, पुरुषांमध्ये वृषण सुजणं. लाजेने शेवटचं लक्षण कोणी सांगत नाही, कृपया सांगा, त्याने पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते.

४. बारा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला, डॉक्टर म्हणाले बरा झालास, आता वर्षाने परत गाठी. मग बरा कसला झालो?

बरे झालातच. जंतू मेले, पण त्यांचे अवशेष शरीरातून साफ व्हायला वर्षं लागतात. विसर्जन झाल्यावरही मांडव काही दिवस रस्त्यावरच असतो ना, आणि ट्रॅफिक अडतंच, तसं समजा. जंतूंचं प्रमाण जितकं जास्त होतं तितका हा काळ लांबतो, ईएनएल तर काही जणांना काही वर्षं अधूनमधून येत राहते. याचा अर्थ एमडीटी परत सुरू करायची असा नाही. खरंच रोग परत आलाय का हे कसं ओळखतात ते प्रश्न १६ मध्ये.

५. दोन-चार दिवस घरी थांबून बघू का? सुट्टी मिळत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच्याच उत्तरावर हात राहणार की जाणार हे ठरतं म्हणून थोडं लांब लिहिते.

नुसता एखादा चट्टा जरा लालसर झालाय, दुखत नाही, हातापायाची ताकद आणि स्पर्श पूर्वीसारखाच आहे, तर दोन दिवसांनी ओपीडीला गेलात तरी चालेल. पण खालच्यातलं एकही काही असेल तर त्याच दिवशी निघा, हाफ डे कापला गेला तरी : कोपराच्या मागे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला नस दुखणं, हाताला मुंग्या किंवा नवा बधिरपणा, बोटं वाकडी व्हायला लागणं, पाऊल वर न उचलणं, डोळा पूर्ण न मिटणं, डोळा लाल होऊन दुखणं किंवा धूसर दिसणं, चट्टा चेहऱ्यावर असणं, चट्ट्याला जखम होणं, जोरात ताप.

त्वचेची सूज कितीही भयंकर दिसली तरी ती उतरते, मागे फारतर डाग राहतो. नस मात्र अशी परत येत नाही. ताकद गेल्यावर सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड (सूज उतरवणारं औषध) सुरू झालं तर सुधारण्याची चांगली आशा असते आणि जितकं लवकर तितकं जास्त, त्यानंतर मग आम्ही स्प्लिंट, व्यायाम आणि ऑपरेशनच्या गोष्टी करतो. माझ्याकडे साइटवर काम करणारे, रिक्षा चालवणारे येतात, क्लच दाबता येत नाही म्हणून आलेले, आणि विचारलं की कळतं तीन महिन्यांपासून करंगळी बाहेर राहत होती, म्हणजे नस कधीची सांगत होती. चेहरा सुजला असता तर दुसऱ्याच दिवशी आले असते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं असतं.

६. घरी नस कशी चेक करायची?

उपचार चालू असताना पंधरा दिवसांतून एकदा, कोर्स संपल्यावर महिन्यातून एकदा, घरातलं कोणीतरी सोबत घेऊन करा, पाच मिनिटं लागतात.

झोपताना मिटतो तसे डोळे हलकेच मिटा, दुसऱ्याने बघायचं की फट राहते का. मग करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात कागद धरा आणि समोरच्याला ओढू द्या, दोन्ही हातांची तुलना करा. तळहात वर करून टेबलावर ठेवा, अंगठा सरळ छताकडे उभा करा आणि समोरच्याने तो हलकेच खाली दाबायचा, टिकतो का बघा. मनगट वर उचलून धरा. खुर्चीवर बसून टाच जमिनीला ठेवून पाऊल वर उचला, दोन्ही पावलं सारखी उचलली जातात का. शेवटी डोळे मिटून बसा आणि दुसऱ्याने बॉलपेनचं टोक तळहाताला आणि तळपायाला न दाबता नुसतं टेकवायचं, कुठे टेकवलं ते तुम्ही बोट लावून दाखवायचं. टाचेला जाड कातडी असते तिथे नाही कळलं तर घाबरू नका.

वहीत तारीख टाकून लिहा. मागच्या वेळेपेक्षा कमी झालं असेल तर तो बदल महत्त्वाचा, मग दुखत असो वा नसो.

७. काहीच दुखत नाहीये, फक्त चप्पल पायातून निसटते आणि पडलेली कळत नाही. ही पण रिअॅक्शन का?

असू शकते, आणि हीच जास्त फसवी. नसेला इजा होतेय पण दुखणं नाही, चट्टा लाल नाही, ताप नाही. वहीतल्या नोंदीशिवाय हिचा पत्ता लागत नाही. उपचार दुखणाऱ्या नसेसारखाच, स्टेरॉइड, आणि घाई पण तितकीच. काही जणांना तर अंगावर एकही चट्टा नसतो, नुसती नसच जाड झालेली असते, हा प्रकार आपल्याकडे भारतात बऱ्यापैकी दिसतो आणि लोक मणक्याचा एमआरआय करत फिरतात.

८. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) किती दिवस घ्यायची? तोंड सुजतंय, शुगर वाढलीय.

टाइप वन आणि नसेच्या त्रासात साधारण ४० मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करून हळूहळू कमी करत २० आठवड्यांच्या पुढेमागे नेतात. बऱ्याच जणांना दोन आठवड्यांत बरं वाटतं आणि ते गोळ्या सोडतात, मग महिन्याभरात नस परत दुखायला लागते. बरं वाटणं वेगळं, नसेतली सूज पूर्ण जाणं वेगळं. शिवाय अचानक बंद केल्या तर शरीराला स्वतःचं स्टेरॉइड बनवायची सवय राहिलेली नसते, चक्कर, उलट्या, बीपी पडणं असं गंभीर होऊ शकतं.

चेहरा गोल होणं, भूक वाढणं, अॅसिडिटी हे डोस कमी झाला की जातं. शुगर आणि बीपी मात्र तपासत राहावं लागतं, आधीपासून डायबेटिस असेल तर पहिल्या दिवशीच सांगा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्या, कारण स्टेरॉइडखाली दबलेला टीबी उठतो. स्टेरॉइड सुरू करताना जंताचं औषध देतात ते पण घ्या, पोटातला एक विशिष्ट जंत स्टेरॉइडमुळे अंगभर पसरू शकतो.

९. मेडिकलवाल्याने मागच्या चिठ्ठीवर तीच गोळी दिली, फरक पडला. चालेल ना?

नाही चालणार. वरवर फरक पडतो हीच तर अडचण आहे. ईएनएलमध्ये हे जास्त होतं, गाठी आल्या की स्वतःच दोन गोळ्या वाढवायच्या, गेल्या की कमी करायच्या, असं करत करत माणूस वर्षानुवर्षं स्टेरॉइडवर राहतो, हाडं ठिसूळ, मोतीबिंदू, इन्फेक्शन. परत परत येणाऱ्या ईएनएलमध्ये स्टेरॉइड कमी करण्यासाठी दुसरी औषधं आहेत. एक क्लोफॅझिमिन, जे एमडीटीत असतंच पण इथे जास्त डोसमध्ये देतात, त्याचा परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात म्हणून लोक धीर सोडतात, आणि कातडी काळपट-तांबूस होते, जी औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनी परत उजळते. दुसरं थॅलिडोमाइड, पुढचा प्रश्न.

१०. थॅलिडोमाइड नेटवर बघितलं तर भयंकर लिहिलंय. तरी डॉक्टर का देतात?

नेटवरचं खरं आहे. १९५७ मध्ये हे जर्मनीत झोपेचं औषध म्हणून आलं, गरोदर बायकांनी घेतलं आणि हजारो मुलं हातापायांशिवाय जन्मली, १९६१ मध्ये बाजारातून काढलं. पुढे १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांनी ईएनएलच्या वेदनेने झोपू न शकणाऱ्या पेशंटला झोप यावी म्हणून दिलं आणि गाठी, ताप, वेदना सगळंच उतरलं. ईएनएलसाठी आजही फार परिणामकारक औषध आहे, टाइप वनमध्ये मात्र याचा उपयोग नाही.

पाळी चालू असलेल्या वयाच्या बायकांना शक्यतो देतच नाहीत, आणि गरोदरपणात कधीच नाही. पुरुषांसाठी पण नियम आहेत, औषध वीर्यात उतरतं म्हणून कंडोम वापरायचा, त्या काळात रक्तदान करायचं नाही. आणि पाकीट घरात कुलपात ठेवा. वहिनीला झोप येत नाही म्हणून एक गोळी दिली, असं आपल्या घरांत सहज होतं, म्हणून मुद्दाम सांगतेय.

११. मी पाचव्या महिन्यात आहे आणि एमडीटी चालू आहे. बाळाला काही होईल का? रिअॅक्शन आली तर?

एमडीटी गरोदरपणात आणि अंगावर पाजताना चालू ठेवतात. गरोदरपणात प्रतिकारशक्ती बदलते आणि बाळंतपणानंतर ती परत वर येते, त्यामुळे टाइप वन बहुतेक वेळा डिलिव्हरीनंतरच्या महिन्यांत डोकं वर काढते, ईएनएल मात्र गरोदरपणात किंवा पाजतानाही येऊ शकते. सवा महिना घराबाहेर पडायचं नाही म्हणून माहेरी नस जाते, हे मी बघितलंय. ताई, प्रश्न ६ ची तपासणी आईकडून करून घे आणि काही बदल वाटला तर सवा महिन्याची वाट बघू नकोस. प्रेडनिसोलोन गरज असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येते.

१२. संधिवात म्हणून औषध चालू होतं, आता म्हणतात कुष्ठरोग. आणि व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्ट) पण पॉझिटिव्ह आली, बायको बोलत नाहीये.

दोन्ही गोष्टींचं मूळ एकच. जंतू जास्त असलेल्या प्रकारात शरीर भरमसाट अँटिबॉडी बनवतं, नको तिथल्या पण. त्यामुळे आरए फॅक्टर आणि एएनए (संधिवात-ल्युपससाठीच्या टेस्ट), व्हीडीआरएल खोटे पॉझिटिव्ह येऊ शकतात. ईएनएलमध्ये सांधे सुजतातच, पुण्यात पावसाळ्यात ताप आणि सांधेदुखी म्हटलं की सगळे आधी चिकुनगुनियाच धरतात, मग संधिवात, मग ल्युपस. कोणीतरी कानाची पाळी, भुवया आणि नसा नीट बघितल्या की मग कळतं.

व्हीडीआरएलसाठी टीपीएचए ही दुसरी टेस्ट करा. ती निगेटिव्ह आली तर सिफिलिसचा संशय सहसा संपतो. रिपोर्ट घेऊन बायकोला सोबत डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्या तोंडून ऐकू द्या. एका कागदावरून संसार मोडायची वेळ आलेली मी बघितलीय, म्हणून हे इतकं सविस्तर.

१३. गोळ्या सुरू करून महिना झाला, अंगभर पुरळ, ताप, डोळे पिवळे. तुम्हीच म्हणता गोळ्या बंद करू नका?

इथे मात्र थांबवायच्या आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं. ही एमडीटीतल्या डॅप्सोन या गोळीची अतिसंवेदनशीलता (खरी अॅलर्जी) असू शकते, साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात येते : ताप, अंगभर पुरळ, मानेत-काखेत गाठी, कावीळ. जीवावर बेतू शकते. चट्ट्यांपुरती सूज किंवा दुखऱ्या गाठी म्हणजे रिअॅक्शन, चट्टे सोडून अंगभर पुरळ आणि कावीळ म्हणजे गोळीचा संशय, इतकं लक्षात ठेवा. २०१३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की एचएलए-बी*१३:०१ हा जनुकाचा प्रकार असलेल्यांना हा धोका जास्त असतो. एकदा झालं की डॅप्सोन परत कधीच नाही, उरलेला उपचार बाकीच्या औषधांवर करतात. "डॅप्सोन चालत नाही" असं पाकिटातल्या कार्डवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

नुसता दम लागतोय, फिकटपणा आलाय तर तो डॅप्सोनमुळे रक्त कमी होण्याचा प्रकार असू शकतो, हिमोग्लोबिन तपासून घ्या. लघवी लाल होणं रिफॅम्पिसिनचं, एक-दोन दिवस, त्याची काळजी नको.

१४. गाठी फुटून काळ्या जखमा झाल्यात. कोपरावर मोठी गाठ पण आहे, जवळच्या दवाखान्यात म्हणाले चरबीची आहे, काढून टाकू.

आधी कोपराचं : काढू देऊ नका. कोपराच्या नसेतच पू साचल्यासारखी गाठ होऊ शकते, ती चरबी समजून कापली तर नस कापली जाते. कुष्ठरोग माहीत असलेल्या डॉक्टरांना दाखवा, स्टेरॉइडने बसते नाहीतर नस जपून सर्जन ती रिकामी करतात.

काळ्या जखमांचं म्हणाल तर ईएनएलच्या गाठी क्वचित फुटतात, फोड येतात, कातडी मरते, तो तीव्र प्रकार आहे आणि अॅडमिट व्हावं लागतं. याहून दुर्मिळ म्हणजे लुसिओ प्रकार, १८५२ मध्ये मेक्सिकोत लुसिओ आणि अल्वाराडो यांनी वर्णन केलेला. त्यात चट्टे दिसत नाहीत, कातडी सरसकट जाड आणि गुळगुळीत होते, आणि मग पायांवर वेड्यावाकड्या आकाराच्या काळ्या जखमा होतात. तो मुख्यतः मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत दिसतो, आपल्याकडे फार क्वचित. फरक का कळायला हवा तर थॅलिडोमाइड ईएनएलला लागू पडतं, लुसिओला नाही.

१५. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या आणि दोन महिन्यांत अंगावर लाल चट्टे उठले. आधी काहीच नव्हतं.

होतं, दिसत नव्हतं. एआरटीने, म्हणजे एचआयव्हीच्या त्या गोळ्यांनी, प्रतिकारशक्ती परत आली की तिला लपलेले कुष्ठरोगाचे जंतू दिसतात आणि टाइप वनसारखी रिअॅक्शन येते, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. एआरटी चालूच ठेवायची, एमडीटी सुरू करायची, लागलं तर स्टेरॉइड. दोन्ही सेंटरला एकमेकांच्या गोळ्या दाखवा, लपवू नका. असंच काहीसं संधिवाताची टीएनएफ (शरीरातलं सूज वाढवणारं रसायन) अडवणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये, ती थांबवल्यावर झाल्याची नोंद आहे.

१६. ही रिअॅक्शन आहे की रोग परत आलाय?

रिअॅक्शन अचानक येते, दिवसांत, दुखते, जुने चट्टे सुजतात, बहुतेक कोर्स संपल्यावर पहिल्या तीन वर्षांत. परत आलेला रोग सावकाश, महिन्यांत, गुपचूप, नव्या जागी, आणि सहसा बऱ्याच वर्षांनी. तरी कधी कधी डॉक्टरांनाही लगेच सांगता येत नाही, मग त्वचेचा स्मिअर (कातडीतला थोडा रस काढून त्यात जंतू बघणं) घेतात किंवा स्टेरॉइड देऊन बघतात, त्याने झपाट्याने उतरलं तर रिअॅक्शन.

१७. घरच्यांना लागेल का?

रिअॅक्शन लागत नाही. आणि एमडीटी सुरू झाली की रोगही थोड्याच काळात संसर्गजन्य राहत नाही. ताट-अंथरूण वेगळं करू नका. घरच्यांची एकदा तपासणी करून घ्या, त्यांना रिफॅम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस देता येतो.

१८. इम्युनिटी वाढवायला गुळवेलीचा काढा देतोय, चांगलं ना?

प्रेमाने देताय ते कळतं, पण इथे इम्युनिटीच भडकलेली आहे. शिवाय गुळवेलीने लिव्हरला सूज आल्याचे पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत आणि एमडीटीचा भारही लिव्हरवरच असतो. डाळ, अंडी, भाजी-भाकरी नीट द्या. नाव नसलेल्या पुड्या तर अजिबात नको, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

१९. पुण्यात दाखवायचं कुठे?

ससूनची त्वचारोग ओपीडी, कोंढव्याचं डॉ. बांदोरवाला कुष्ठरोग रुग्णालय, किंवा जवळचा महापालिकेचा दवाखाना, गावाकडे असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आशाताई. एमडीटी सरकारकडून मोफत मिळते. जुनं कार्ड, रिकामी पाकिटं आणि प्रश्न ६ ची वही सोबत न्या, वही असली की तपासणाऱ्याला पटकन कळतं की नस कधीपासून बदलली.

२०. रिअॅक्शन आता शांत आहे. यंदा आळंदीहून वारीला जाऊ का? दर वर्षी जातो.

हा प्रश्न ज्येष्ठ महिना लागला की दर वर्षी येतो आणि नाही म्हणताना मला जड जातं. नस दुखत असेल, स्टेरॉइड चढ्या डोसवर असेल किंवा पायाला जखम असेल तर यंदा चालत नको, पुण्यात मुक्कामाला पालखी येते तेव्हा दर्शन घ्या. शांत होऊन बरेच महिने झालेत आणि डॉक्टरांनी होकार दिला तर जा, पण तळपाय बधिर असेल तर नियम पाळा. अनवाणी अजिबात नाही, नवस असला तरी. आतून मऊ एमसीआर रबराची चप्पल, मागे पट्टा असलेली, आणि ती दोन आठवडे आधीपासून पुण्यातच वापरून बसलेली हवी. पाऊल उचलत नसेल तर स्प्रिंगचा पट्टा लावल्याशिवाय दिवेघाट चढू नका. रोज मुक्कामाला पोचल्यावर पाय वीस मिनिटं साध्या पाण्यात, मग खोबरेल तेल, आणि सोबतच्या वारकऱ्याला बॅटरी धरून तळवे बघायला सांगा, लाल जागा, गरम जागा, फोड. गोळ्या पूर्ण दिवसांच्या आणि वर चार दिवसांच्या जास्त न्या, प्लास्टिकमध्ये बांधून, पाऊस लागतोच. फोड दिसला की दुसऱ्या दिवशी चालायचं नाही, दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला जायचं आणि तिथल्या आरोग्य पथकाला पाय दाखवायचा.